दंड कुठे द्यायचा

दिवसभर रबाळ्यात मी यंत्रांच्या पुस्तिका उतरवते
चिनीतून मराठीत:
झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा.
अशा वाक्याला एकच अर्थ असावा लागतो,
नाहीतर कुणाची तरी बोटे जातात.

गुरुवारी संध्याकाळी, ठाण्यात, चरईत,
टिपणीस सरांच्या जेवणाच्या टेबलावर
दुसरे चिनी.
कर्ता नाही, काळ नाही,
थांबायची खूण तर कुठेच नाही.
सात अक्षरे, एकाखाली एक.
प्रत्येकाशेजारी मी पेन्सिलीने एकेक शब्द ठेवलाय:

पाणी उतर होडी नाही जाण काठ धर

सरांना चिनी येत नाही.
चाळीस वर्षे कचेरीत त्यांनी मोडी वाचली,
आधी रेघ ओढून मग तिला टांगलेली अक्षरे,
शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ठरवायचे.
"अगं, हे तर आपलंच," म्हणाले,
आणि चष्मा कपाळावर सारून तोडले:
पाणी उतरले. होडी नाही. जाणता काठ धरतो.

ऐकायला छान होते.
मला सांगावे लागले, की ही 'नाही' फक्त क्रियेला लागते,
वस्तू नसली तर त्यांच्याकडे वेगळे अक्षर आहे,
आपल्याकडे नाही आणि नव्हे, तसे काहीसे.
सर हिरमुसले. मग खूश झाले.
मग आतून दिवाळीतला उरलेला कानवला घेऊन आले.

तळटीपेतला कुणी दरबारी म्हणतो:
पाणी म्हणजे राजाची मर्जी,
ओसरू लागली की शहाण्याने आजारी पडावे.
त्याचे स्वतःचे काय झाले असेल
ते टीप अर्ध्यात तुटते त्यावरून कळते.

सरांना एक जुना दस्त आठवला:
शेत दिले नाही मागितले.
दिले, नाही मागितले?
की दिले नाही, मागितले?
त्या एका न दिलेल्या दंडापायी
ऐरोलीकडचे दोन एकर खाजण
तीन पिढ्या कोर्टात.
आता तिथे काचेची इमारत आहे.
कुणाचे होते, ते नाव सरांना आठवेना.
मला आठवत होते. मी कानवला खाल्ला.

घरी, दिवा कोळीवाड्यात,
बाबा जाळ्यातली गाठ सोडवत बसलेले.
मी ओळ वाचून दाखवली, एका सपाट सुरात,
कुठेही श्वास न घेता.
"दोर किती सोरलाय?" त्यांनी विचारले.
दोराचे अक्षर यात नाहीये, बाबा.
"मंग कसा? सुकतीला दोर आखूर ऱ्हायला
त होरी काठाला टांगतं.
पानी उतारला तिला कलत नाय.
काठ तिला सोरीत नाय."
आणि पुन्हा गाठीकडे वळले.

मी सात अक्षरे परत मोजली.
व्याकरण कुठेच अडत नव्हते.
ज्याने लिहिले त्याला राजा म्हणायचा होता, की मन,
की तो कुठल्याशा नदीच्या चिखलात उभा राहून
नुसता बघत होता, कुणास ठाऊक.

'जाण'पुढे मी दंड दिला.
खोडला.
'काठ'पुढे दिला, तोही खोडला.
दोन्ही ठिकाणी कागद जरा पातळ झालाय.
पुढच्या गुरुवारी सर वही दिव्यासमोर धरतील
आणि विचारतील, इथे काय होतं?