कार्डाच्या मागच्या बाजूला

पेटीतलं कार्ड विचारतं तेवढं आधी सांगते.
किती तास बसलात: अडीच.
हरणं किती पाहिली: तीन. शेपट्याच, पळत्या.
मारली किती: चौकट कोरी सोडलीय,
शून्य काढायलाही हात वळेना.

आता पाठकोरी बाजू.

मी आर्लिस ट्वेट. कागदाच्या गिरणीत रात्रपाळी.
वर्षाच्या रजा अकरा, त्यातल्या पाच
मी जानेवारीतच फळ्यावर या आठवड्यासमोर लिहून टाकते,
मग कुणी बाळंत होवो, कुणी मरो.
मे महिन्यात वारा बघून झाड ठरवलं.
ऑगस्टात डासांना रक्त पाजत फांद्या छाटल्या.
कपडे साबणाशिवाय धुतले, डब्यात घातले,
वर टॅमरॅकच्या पिवळ्या सुया दाबून भरल्या,
माणसाचा वास मरावा म्हणून.

आणि शनिवारी, नीट उजाडलंही नव्हतं,
झाडावर पंधरा फूट, मांडीवर बंदूक,
गारठा असा की पापणी मिटली तर ऐकू यावी.
आल्डरच्या झुडपातून एक मादी नाक काढते.
थांबते. मागे वळून बघते.
मागे बघणाऱ्या मादीच्या मागे नर असतोच,
हे मला वडिलांनी नाही, आईनं शिकवलं.
मी श्वास धरला

आणि तुमचं यंत्र सुरू झालं.

खात्याचं. पिवळं. साखळीच्या चाकांचं,
झुडपं दाढेखाली धरून भुगा थुंकणारं.

कुणी काढला हा मुहूर्त?
हंगाम शनिवारी उघडतो हे तुमच्याच पुस्तिकेत, पान नऊ.
पुस्तिका छापणारं टेबल आणि यंत्र धाडणारं टेबल
शेजारी नसतील, मान्य,
पण कॉफी तरी एकाच किटलीतली पीत असतील ना?

खाली गाड्यांपाशी पाओ शाँग भेटला,
वॉसॉहून दोन तास गाडी हाकत आलेला,
सोबत मुलगा, बारा वर्षांचा, पहिलंच लायसन.
पाओ काहीच बोलला नाही.
मुलगा काडतुसं परत डबीत ठेवत होता,
एकेक, जिथून काढलं त्याच खणात.
परत येतील का, त्यानं मला विचारलं.
सोमवारपर्यंत, मी म्हणाले.
मला काय माहीत.

मग तणतणत यंत्राकडे गेले.
चालवणारा पोरगा, रेगन लाफ्लूर, कानावरचं काढून म्हणाला,
जमीन गोठल्याशिवाय हे धूड आत जात नाही, रुततं.
उन्हाळ्यात पाखरं घरट्यांत.
पैसे महिनाअखेर परत जातात, चाळीस एकर बाकी.
आणि खालच्या आवाजात:
माझीही रजा आजचीच होती.
त्याच्या डोक्यावर नारिंगी टोपी होती.
तोंडात जमवलेल्या शिव्या मी गिळल्या.
सगळ्या नाही.

मला कळतं हो.
झुडूप कापलं की कोवळे कोंब फुटतात,
कोंबांवर हरणं हिवाळा काढतात,
आणि तो भुगा माझ्याच लायसनच्या पैशांचा आहे.
दोन वर्षांनी मीच इथे बसून तुमचं भलं चिंतेन.
पण नऊ दिवस. वर्षाचे नऊ.
बाकीचे तीनशे छप्पन्न तुमचेच आहेत,
त्यांतही जमीन गोठते, डिसेंबरात तर दगड होते.

जागा संपत आली. पेन्सिल तुमचीच,
सुतळीनं पेटीला बांधलेली, टोक मात्र छान केलेलं.
तेवढं काम वेळेवर झालं, त्याबद्दल आभार.

आवाज थांबलाय. डिझेल भरत असेल.
माझी बंदूक गाडीत, पिशवीत, चेन लावलेली,
आणि तिकडे, ओल्या भुग्यावर,
यंत्राच्या चाकोरीत खुर टाकत, हुंगत,
जणू त्याच्यासाठीच रस्ता झाडलाय—
आठ टोकांचा. नाही, दहा.

वरची दुरुस्ती करून घ्या.
हरणं पाहिली: चार.
चौथं कुठे, ते लिहिणार नाही.