ई-१०७

थांब बेक्सुल्तान, टाळ्या नकोत एवढ्यात.
पडद्यावर हिरवी खूण आली, म्हणजे
गणिताचं गणिताशी जुळलं.
क्रूडला अजून कुणी विचारलेलं नाही.

खाली सरक. अजून खाली.
त्या करड्या अक्षरांतल्या सूचना,
बँकेच्या कागदासारख्या न वाचता ओलांडल्यास ना,
त्या वाच. मोठ्याने. अकराच्या अकरा.
मेरुएर्त, खिडकी लाव गं, उरल गोठलीये
आणि तिच्यावरचा वारा थेट माझ्या गुडघ्यात शिरतोय.

तर, फाउलिंगच्या रकान्यात तू शून्य टाकलंस.
का? "नळ्या कोऱ्या आहेत, आपाई."
असतात. सोमवारी असतात.
मंगळवारी मंगिश्लाकचं तेल येतं,
मेणाने जडावलेलं, झोपाळू,
थंडीत उभ्या उभ्या थिजणारं.
ते भिंतीला हात लावतं
आणि हात काढायला विसरतं.
एक थर, कागदाएवढा. मग त्याच्यावर दुसरा.
वर्षाने भट्टी तेवढ्याच तेलाला दीडपट गॅस खाते
आणि वरचे साहेब भट्टीवाल्याला झापतात.

शून्य मीही लिहिलंय. सव्विसाव्या वर्षी,
लॉगॅरिथमच्या पट्टीने सगळं काढून
वर पेन्सिलने गिरवलंही होतं, ठसठशीत दिसावं म्हणून.

सातवी सूचना पुन्हा वाच.
"नळ्यांमध्ये कंपन संभवते."
संभवते! काय सभ्य शब्द आहे.
चला. कोट घाला, टोप्या घाला, कान झाका.

हा तो ई-१०७.
स्टर्जनच्या पोटातून गाभोळी काढावी
तसा नळ्यांचा जुडगा बाहेर ओढून ठेवलाय.
हातमोजा काढ. क्षणभरच, नाहीतर कातडी चिकटेल.
बोट इथे, बॅफलच्या भोकाशी.
लागली धार?
इथे नळी थरथरत होती, सेकंदाला चाळीस वेळा,
दिसत नव्हतं कुणाला. सात महिने.
भोकाची कड तिला कापत गेली.

मला ऐकू यायचं रात्रपाळीला,
समोवार उकळण्याआधी कुजबुजतो तसं.
मी तुलेगेनला सांगितलं.
तो म्हणाला, लोखंड गातंय, गाऊ दे.
हल्ली तो आक्तौला असतो, मुलाकडे.
डाव्या गालाला त्याच्या अजून दाढी येत नाही.

बरं, आत चला.
मेरुएर्त, चहा तू ओत. अर्धाच प्याला, शहाणे,
भरून दिलास तर पाहुण्याला वाटतं, उठा आता.
थोडा थोडा, पुन्हा पुन्हा,
म्हणजे शेवटचा घोटही पहिल्याइतका कढत.
माझ्या आईने लॉगॅरिथम हा शब्दही ऐकला नव्हता.

आणि ते प्रवाह एकाच दिशेने सोडलेत, ते बदल.
बरोबरीने चालले की लवकर सारखे होतात,
मग एकमेकांना द्यायला काही उरत नाही.
उलटे सोड. एक येतोय, एक जातोय, मध्ये भिंत.
आपल्या पुलाच्या एका टोकाला युरोप लिहिलंय,
दुसऱ्या टोकाला आशिया.
माझी बहीण त्या टोकाला राहते.
नऊ वर्षं बोलणं नाही आमचं, घराच्या वाटणीवरून.
तरी तिच्याकडे कुणी आजारी पडलं
की मला इकडे झोप लागत नाही.
ते असो.

पुसलंस शून्य? आता काय लिहिणार?
पुस्तकात आकडा आहे, पण तो
कुठल्या तरी दुसऱ्या समुद्राकाठच्या तेलाचा.
ही माझी वही घे. एकोणतीस हिवाळे आहेत हिच्यात,
कुठली नळी कधी उघडली, किती मेण निघालं,
कुठे कुठे चहाचे डाग, त्यांना आकडे समजू नकोस.
घरी न्यायची नाही. इथे बसून उतरव.

नाही, मोबाइलने फोटो नको.
हाताने.
हात आखडला तर चहा आहे.