ठिबक

डाक्टरनं कागदावर दोन नळ्या काढल्या,
सुतळीएवढ्या,
अन् म्हणाला, दिगांबरभाऊ, समजलं का?
आता मले काय समजवता साहेब.
वरूड तालुक्यात सोळा वर्सं झाले,
संत्र्याच्या बगिच्यात मी नळ्याच पाह्यतो.
कुठी क्षार बसला, कुठी उंदरानं कुरतडली,
कुठी शेवाळ.
झाडाखाली कान लावून सांगतो
पानी येते का नाई येत.

मंग त्यानं सारं सांगतलं, हळूहळू.
गोळी नाई. हार्मोन नाई, म्हंजे
मिशी तशीच, आवाज तसाच, जोर तसाच
(हे त्यानं दोनदा सांगतलं,
मी इचारलं एकदाच).
एक जेल हाय, सुईनं नळीत सोडाचं,
ते आतून अस्तरासारखं बसते.
बीज तिथून जाते, पन कामाचं राहत नाई.
उद्या मन बदललं तं दुसरी सुई, धुऊन काढू.
"निघन, असं वाटते."
"वाटते?"
"म्हणून तं प्रयोग म्हणतो, भाऊ."
तेवढ्यावर माहा भरोसा बसला.
आमी बी नळीत आसिड सोडतो उन्हाळ्याच्या आधी
अन् मालकाले सांगतो, सुटन, असं वाटते.

फारम सात पानाचा.
शेवटच्या पानावर प्रणिताची सही पाह्यजे होती.
तिनं पेन घेतला, नाव अर्धं लिहिलं, थांबली.
"मले तांबी बसवली तवा
तुमची सही कोनी घेतली होती का?"
नाई.
मले तं दोन महिने मालूमच नव्हतं.
महिन्यातले बारा-बारा दिवस तिचं जाय,
मोरीतल्या बादलीवर झाकन राहे.
मी समजो, झाकन माशांसाठी हाय.

बुढीले सांगतलं, हायड्रोसिलचं आपरेशन.
गावाले तेवढं पटते.
हत्तीरोगाच्या गोळ्या वाटनारी आशाताई म्हणे,
बरं केलं, लवकर दाखवलं.
उमरावच्या ठेल्यावर खर्रा फुकट भेटला.
बिमारी असली का फुकट भेटते.
मर्जी सांगतली असती
तं ठेलाच बदलावा लागला असता.
बुढीनं तं नवस बोलला,
दोन पोरी झाल्या, आता आजार गेला, आता नातू.
मी नारळ फोडला. खोबरं बी खाल्लं.

दर महिन्याले पहाटची यष्टी, नागपूर,
एक खोली, एक खुर्ची, एक डबी,
अन् भिंतीवर पाटी: शांतता राखा.
आता तठी मानूस काय हल्लाकल्ला करन?
पह्यल्या महिन्यात आकडा लाखात.
दुसऱ्यात हजारात.
तिसऱ्या महिन्यात सिस्टरबाईनं कागद देल्ला,
हालनारे: शून्य.
एवढं गोल शून्य
मले दहावीच्या गणितात बी भेटलं नव्हतं.
घडी करून खिशात ठेवलं, वरून बटन लावलं.
काटोलपर्यंत हसू येत होतं.
काटोलच्या पुढं नाई आलं. काहून, ते अजून
कोनाले सांगतलं नाई.

पुढच्या सोमवारी प्रणिता तांबी काढून आली.
बादलीचं झाकन
आता पिठाच्या डब्यावर बसते, थोडं मोठं पडते.

दोन वर्सांनी दुसरी सुई घ्याची का?
प्रयोगाचा अर्धा भाग तोच हाय म्हणे, निघते का पाहाचं.
त्या कागदावर दोन चौकोन हायेत.
मी अजून खून केली नाई.
प्रणिताले इचारलं तं म्हणे,
नळी तुमची हाय.
हे बी कधी कोनी मले म्हटलं नव्हतं.

काल रात्री बारा वाजता लाईन आली.
मोटर लावाले निघालो तं ती बी उठली,
बॅटरी घेऊन, पायात माह्याच चपला.
नवव्या ओळीत एक नळी बंद.
झटकली, फुंकर मारली, नाई सुटली.
मी खिशातून पिन काढाले लागलो.
ती म्हणे, राहू द्या नं,
बाकीच्या तं चालू हायेत,
अन् बॅटरी इझवली.