अर्धा गुण

कपाटावर पाच ढाली आहेत, सगळ्या घोट्यांच्या.
डावा कोपरा खेळायचे मी, भांडुपच्या संघात.
चढाईवाली वळली की वाकून
घोटा धरायचा, आणि मग सोडायचाच नाही,
कोणी अंगावर पडो, कोणी केस ओढो.

एकदा तिघी पडल्या. माझी मान खाली होती.

नंतर दोन वर्षं मला कोणी धडकलं नाही.
उचललं, पुसलं, कुशीवर वळवलं,
काचसामानासारखं भिंतीला लावून ठेवलं.
बोटं कपाभोवतीसुद्धा मिटेनात.
नर्स म्हणायची, मनगट वर कर, आपोआप वाकतील.
वाकायची.
धरायची नाहीत.

चेंबूरच्या एका शाळेचा हॉल. रविवार, सकाळचे सात.
बाहेर इडलीवाल्याचा भोंगा.
आत कुर्ल्याचा ताहेर, परांचीवरून पडलेला,
त्याने न विचारता
मला खुर्चीसकट आडवं केलं.

आवाज सिलिंडरच्या ट्रकचा.
छताचे पंखे दिसले, त्यातला एक बंद.
कोणी अगंबाई केलं नाही. शिट्टी वाजली,
दोघांनी खुर्ची सरळ केली
आणि मला हसूच आवरेना.

मग कोणीतरी माझे दंड, मनगटं, बोटं तपासून
कागदावर लिहिलं : अर्धा.
चौघांची बेरीज आठच्या वर नको,
म्हणजे मी स्वस्त,
म्हणजे माझ्या जिवावर एक साडेतीनवाला आत येतो.
गोल त्याने करायचे, तू फक्त अडवायचं.
अडवायचं?
मग ठीक आहे.

हातमोज्यांना डिंक, मनगटांना पट्ट्या.
अख्खी मुंबई निथळत असते,
मला मानेखाली घामच येत नाही,
म्हणून फ्रान्सिस दर विश्रांतीला
इस्त्रीवाल्याच्या बाटलीने तोंडावर फवारा मारतो.
कडक घडी घालू का, विचारतो.

माझ्या खुर्चीला पुढे लोखंडी आकडा आहे.
घाई करायची नाही. समोरचा वळेपर्यंत थांबायचं.
वळला की आकडा त्याच्या चाकाशी.
तो रेटतो, मागेपुढे होतो, दात खातो.
बोटांचं कामच नाही यात.
नाही सोडत.

घरी आई खुर्ची पुसते.
पातेल्याला पोचा पडला तर दिवसभर हळहळणारी बाई,
चाकावरच्या पत्र्यावरून बोट फिरवत जाते.
हा आजचा?
हो.
आणि हा?
ताहेरचा.
फडकं पिळते, पाणी मोरीत ओतून येते.
तू किती पाडलेस?