तिसऱ्या कडव्यातलं दार

बारा डॉलर. लहानांना अर्धं तिकीट.
छत्र्या बसमध्येच राहू द्या,
गालिचा भिजला की तीन दिवस कुबट वास मारतो.

हे हार्लन्स बेंड, अलाबामा.
वस्ती चार हजार, चर्च एकवीस, सिग्नल एक,
तोही रात्री नऊनंतर नुसता पिवळा मिचमिचतो.
नदी इथे कोपर दुमडून झोपते,
आणि त्या कोपरात, शवपेट्यांच्या जुन्या गोदामात,
तुमच्या घरातली निदान एक तबकडी जन्मली.

डावीकडे कॅफे. विटांनी बुजवलेली ती खिडकी बघा.
गोरा ड्रमर पुढल्या दारानं आत जाई,
पाच जणांचं जेवण बांधून घेई
आणि वळसा घालून मागे येई,
जिथे या खिडकीपाशी माझे वडील थांबलेले असत.
मग गाडीच्या बॉनेटवर सगळे एकत्र जेवत.
आता पितळी पाटी आहे. पाटीवर ‘सलोखा’ असा शब्द आहे.
खिडकीचं काही नाही.
म्हणून मी सांगते.

उतरा. पायरी उंच आहे.
भिंतीवर हे अंड्यांचे ट्रे. हा संडास.
इथे स्पीकर ठेवून, दार लावून, आवाज घुमवायचे.
हो, हाच. काढा फोटो, सगळेच काढतात.
आणि इथे, या पट्टीवर, तो उभा राहिला.
नाव मी घेत नाही, तुम्हाला माहीत आहे,
त्याशिवाय का एवढ्या लांबून आलात.

माझे वडील, लूशस टेट, त्या कोपऱ्यात.
दिवसभर टायरच्या कारखान्यात, रात्री बेस.
त्या रात्री डबा घरी विसरले.
मी सात वर्षांची, अनवाणी,
हातात पत्र्याचा डबा, त्यात तळलेला मासा, मक्याची भाकरी,
आणि दाराची स्प्रिंग नवी.

ऐका.
तिसरं कडवं. तो श्वास घेतो...
हे.

ते मी.

कोणी काही बोललं नाही. लाल दिवा सुरूच.
गाणं संपलं तेव्हा डब्याचं झाकण
माझ्या पोटाशी घट्ट धरलेलं होतं.
त्यांनी पुढे नऊ वेळा गाऊन पाहिलं,
पण जीव त्याच खेपेत होता, दारासकट.
वडिलांना पंधरा डॉलर मिळाले. मला काहीच नाही.
परतताना गाडीत बराच वेळ शांतता,
मग म्हणाले, “व्हर्डीन, आपटलंस ते आपटलंस,
पण चौथ्या मात्रेवर.”

खरं दार आता नॅशव्हिलला, काचेच्या मागे.
नातवाला घेऊन गेले होते एकदा.
‘अज्ञात बालकाने आपटलेले’ असं लिहिलंय,
खाली ‘स्पर्श करू नये’.
नातू म्हणाला, आजी, सांग ना त्यांना.
मी त्याला आइस्क्रीम घेऊन दिलं.

हे इथलं दार नवं. आवाजच करत नाही,
आतला दांडा त्याला हळूच मिटवतो,
म्हाताऱ्या माणसाचे डोळे मिटवावेत तसं.
हवं तर करून बघा. सगळ्यांना उशीर होतो.
फिनलंडची एक मुलगी जवळपास पोचली होती,
पण तिनं आधी मोजलं.
मोजून नाही येत ते.
भूक लागलेल्या माणसाकडे धावत यावं लागतं.

शेवटच्या वर्षी वडिलांना अजिबात ऐकू येईना.
तळहात टेबलावर पालथा ठेवून बसायचे.
मी कामावरून आले, जाळीचं दार माझ्यामागे आपटलं
की ते लाकडातून त्यांच्यापर्यंत पोचे,
आणि मान वर न करता म्हणत,
“अर्धी मात्रा मागे.”
एकदाच काही बोलले नाहीत.
नुसती मान हलवली.
जेवलेही पोटभर त्या दिवशी.

चला. आता कबरस्तान.
दगडावर पिक ठेवायचे असतील तर ठेवा,
नाणी नकोत, पोरं उचलून नेतात.
शेवटून येणाऱ्यानं दार ओढून घ्या.
ओढलं नाही तरी चालेल,
ते आपलं आपण लागतं.