शनिवार, रात्रीचे साडेदहा

दिवेलागण होतच नाही इथे जूनमध्ये,
तेव्हा जेवायचं कधी
ते बटाटे ठरवतात.

सायमा तळ्याच्या पाण्यात तुलिक्की ते खसखसून धुते,
साल अंगठ्यानेच निघते, इतके कोवळे.
पातेल्यात मूठभर शेपू.
पेन्टी धुरात डोळे चोळत मासे उलटतो.
एक करपलाच.
तो गुपचूप स्वतःच्या ताटात घेतो.

नवा जावई विचारतो, मीठ?
कुणी उत्तर देत नाही, तोंडं भरलेली,
लोणी हनुवटीवर.

मग डास.
आणि पलीकडच्या काठावर कुणाचा तरी तवा
चर्र करतो,
थेट पाण्यावरून चालत येतो तो आवाज.

"अजून चार टाकू?" तुलिक्की उठतेच.
पेन्टी घड्याळ बघतो, पालथं ठेवतो.
ताटात अजून ऊन आहे.