गोलामागे शंभर

वेळ्ळीच्या शेतात कापणी झालीय,
खुंटं अजून तळव्यांना टोचतात.
दोन बांबू, रापणीचं जुनं जाळं.
गोल झाला की डब्यात शंभर:
मोझांबिकच्या पोरांच्या काळजांची
भोकं शिवायला.

गोलात कायतान. वय एकसष्ट.
जन्म बेइराचा; सांगत नाही कुणाला.
"आज सगळे सोड हां," पाद्री बजावतात.
तो मान हलवतो.

पण हात ऐकतील तर ना!
पहिला अडवला. दुसरा.
तिसरा बोटांच्या टोकांनी बाहेर,
आणि पोरं शिव्या घालतायत.

काळोख पडल्यावर डबा मोजला.
अडवलेल्या अकरांचे अकराशे
त्यात होतेच,
घामाने ओले, चौघडी घातलेले.

जाळ्यातलं भोक मात्र
त्याने आदल्या रात्रीच शिवलं होतं.